डुकरांची मुकादम

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सगळं टारबेल गाव सभागृहात जमतं आणि वर्षभराचा संसार एका दिवसात उरकून टाकतं. शाळेला लाकूड किती घ्यायचं, पुलाच्या फळ्या कधी बदलायच्या, कुठल्या रस्त्यावरचं बर्फ आधी लोटायचं, सगळं तिथं तोंडातोंडी ठरतं. दुपारी चर्चच्या बायका बीन्स आणि 'पाय' म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेली जाड पोळी वाढतात. सकाळी एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं दुपारी मांडीला मांडी लावून जेवतात आणि जेवण झालं की नव्या दमानं भांडायला बसतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या डोंगरात हिवाळा फार लांब असतो. माणसाला काहीतरी करमणूक हवीच.

डेल्फीन सॅनबॉर्न त्या सभेला पहिल्यांदा गेली ती दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाल्यावर. आल्टन सॅनबॉर्नशी तिचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. माहेर खाली नदीकाठच्या शहरात, गिरणीमागच्या फ्रेंच वस्तीत. दहा वर्षं तिनं कापडगिरणीत तुटलेले धागे जोडले होते. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. मधल्या वेळात तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला काही सांगितलं नव्हतं. टेकडीवरचं ते लाकडी घर, बारा-पंधरा गाई आणि खिडकीतून दिसणारी निळी डोंगररांग एवढं मिळाल्यावर तिला वाटलं होतं, देवानं आपल्याला चुकून दुसऱ्याच कुणाचं नशीब दिलंय.

आल्टन सभेला आला नव्हता. गाय अडली होती. त्यामुळे सासू-सुना दोघीच आल्या. सासूचं नाव लोविना. गाव तिला लोविनाकाकू म्हणायचं, कारण निम्म्या गावाला तिनं शाळेत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला नुसतं रागावून घेतलं होतं.

सकाळच्या कामकाजात टेकडीच्या रस्त्याचा विषय निघाला. हॉलिस टटल उठला. गावाच्या तीन पंचांपैकी हा थोरला. स्वतःचा असो की गावाचा, हॉलिसच्या मुठीतून पैसा सुटायचा म्हणजे मुठीलाच वाईट वाटायचं.

"वर एकच घर आहे," तो म्हणाला. "त्या एका घरासाठी पर्लीनं बर्फ लोटायचा ट्रक घेऊन सबंध टेकडी चढायची, तेल जाळायचं, आणि तोवर खालच्यांनी खिडकीत बसून बर्फ मोजायचं! हिवाळ्यापुरता तो रस्ता गावानं सोडून द्यावा. उन्हाळ्यात खुशाल जा-ये करा की."

"आणि हिवाळ्यात आम्ही काय अस्वलासारखं झोपायचं, हॉलिस?" लोविनाकाकूंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"झोपा की काकू. वय झालंय आता तुमचं."

"झालंय खरं. निम्मं तर तुझं नाक पुसण्यात गेलं."

सभागृह खदखदून हसलं. पण हसणारे सगळेच काकूंच्या बाजूचे नव्हते, हे डेल्फीनला मागून दिसत होतं. खूप माना हॉलिसच्या बोलण्यावर हलल्या होत्या. शेवटी असं ठरलं, की येत्या हिवाळ्यात पंचांनी तो रस्ता सोडून देण्याचा प्रयोग करून पाहावा, आणि पुढच्या मार्चच्या सभेत रस्त्याचा कायमचा निकाल लावावा.

डेल्फीननं हिशेब मांडला. रस्त्यावरचं बर्फ लोटलं नाही तर दुधाची गाडी वर येणार नाही. दूध गेलं नाही की गाई गेल्या, गाई गेल्या की घर गेलं. मग आल्टन शहरात काम बघणार. दुसरं काय काम आहे शहरात? गिरणी. तिला तिथं बसल्या बसल्या भोंगा ऐकू आला.

त्याच विचारात असताना तिचं नाव पुकारलं गेलं.

इथं गावाची एक खोड सांगायला हवी. फार पूर्वी डुकरं मोकाट सुटून लोकांच्या शेतात घुसायची, म्हणून गाव दरवर्षी डुकरांचा मुकादम नेमायचं. पुढे डुकरं गोठ्यात गेली, कामही गेलं, पण हुद्दा मात्र राहिला. वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्या नवरदेवाला सभेच्या शेवटी डुकरांचा मुकादम करायचं, टाळ्या पिटायच्या, त्याचे कान लाल झालेले बघायचे आणि घरी जायचं. काम कुणी करत नाही, कुणी मागतही नाही. त्या वर्षी गावात लग्न एकच झालं होतं, आणि नवरदेव गोठ्यात गाईपाशी.

"नवरा नसेना, नवरी आहे की!" कुणीतरी मागून ओरडलं.

"हो!" असा गजर झाला की शेगडीचं धुराडं थरथरलं.

डेल्फीनला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच कळलं, की या अनोळखी गावानं एका आवाजात आपल्यावर काहीतरी काम सोपवलंय. ती उभी राहिली. डोळे भरले होते.

"मला असं विश्वासानं कुणी कधी काही दिलं नाही," ती आपल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत म्हणाली. "मी नीट करीन. तुमचे उपकार झाले."

कुणीतरी खोकलं. लोविनाकाकू आपल्या मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फीन चिखल तुडवत खाली गेली आणि गावची कारकून मिस कोल्बी हिच्यापुढे उभी राहिली. हुद्दा मिळाला म्हणजे शपथ घ्यावी लागत असणार, असं तिचं सरळ गणित होतं. मिस कोल्बी तीस वर्षं त्या खुर्चीत होती. इतक्या वर्षांत डुकरांच्या मुकादमाला शपथ द्यायची वेळ तिच्यावर आली नव्हती. खरं काय ते तिला सांगता आलं असतं. तिनं चष्मा पुसला, डेल्फीनकडे एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाली, "उजवा हात वर करा, मिसेस सॅनबॉर्न."

घरी येऊन डेल्फीननं हे अभिमानानं सांगितलं. आल्टन उठून गोठ्यात निघून गेला. मोठा भला माणूस, पण अवघड बोलायची वेळ आली की त्याला नेमकी गाय आठवायची. मग सांगायचं काम काकूंवर आलं.

"ती थट्टा असते गं. माझ्या लग्नाच्या वर्षी माझ्या नवऱ्यालाही केलं होतं."

डेल्फीन दुधाची भांडी घासत होती. ती घासतच राहिली. कान जळत होते. त्या क्षणी तिला वाटलं, चालत खाली जावं, शहराची बस धरावी आणि पुन्हा या लोकांचं तोंड बघू नये.

"म्हणजे सगळे मला हसत होते," ती म्हणाली.

"तुला नाही. नव्या लग्नाला हसतात. रीत आहे."

"मिस कोल्बी नाही हसली. मी हात वर केला, देवाचं नाव घेतलं. तुमच्याकडे थट्टेत देवाचं नाव घेतात?"

लोविनाकाकूंनी खिडकीबाहेर उताराकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मोकाट डुकरं धरून कोंडायचे तो जुना कोंडवाडा आपल्याच रस्त्यावर आहे. अर्ध्या उतारावर. झुडपं माजलीत आत, पण भिंती धड आहेत."

बर्फ वितळून रस्ते वाळले, तेव्हा दोघी कुऱ्हाड घेऊन त्या दगडी चौकोनात उतरल्या. बर्चची रोपं तोडली, काट्या ओढून काढल्या. आल्टननं बोलणं टाळलं होतं त्याची भरपाई हातानं केली. फाटक बसवलं, एका कोपऱ्यावर फळ्यांचं छप्पर घातलं. जाता-येता लोक गाडी थांबवून बघायचे.

"काय मुकादमबाई, आज किती डुकरं धरली?" टपाल आणणारा रोज विचारायचा.

"तुम्ही सुटलात की पहिलं तुम्हालाच," डेल्फीन म्हणायची.

हे उत्तर गावात दोन दिवस फिरलं. हसले सगळे, पण या खेपेला टपालवाल्याला.

गावात खरोखर सुटणारं डुक्कर एकच होतं, आणि ते होतं हॉलिस टटलचं. ब्यूला नावाची पांढरीफेक, सोफ्याएवढी मादी. कुंपणाला नव्या तारा घेणं हॉलिसच्या जिवावर यायचं, आणि ब्यूलाला ते माहीत होतं. मे महिन्याच्या अखेरीस, सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे आणि फुलं लावून झाली त्याच दुपारी, ब्यूला दफनभूमीत शिरली आणि जिरेनियमच्या दोन रांगा मुळासकट खाऊन आली. त्यात युद्धात नॉर्मंडीत पडलेल्या एका पोराच्या आईनं स्वतः लावलेली रोपं होती. ती बाई नुसती उकरलेल्या मातीकडे बघत उभी राहिली. डेल्फीननं ते पाहिलं आणि तडक हॉलिसच्या दारात गेली.

"तुमचं डुक्कर सुटलं होतं."

"ब्यूला सुटत नाही. फिरायला जाते."

"कायद्यानं तिच्या नाकात कडी हवी, म्हणजे तिला उकरता येणार नाही. तुम्ही घाला, नाहीतर पुढच्या वेळी मी तिला कोंडवाड्यात नेईन."

"कोंडवाडा?" हॉलिस मोठ्यानं हसला. "तो माझ्या आजोबांच्या काळात बंद पडला, पोरी."

"मी उघडलाय," डेल्फीन म्हणाली. "आणि मी मिसेस सॅनबॉर्न आहे."

मग आपल्या घरची जिरेनियमची रोपं नेऊन तिनं त्या थडग्यापाशी लावली. पंचाच्या तोंडावर असं बोलून आल्यावर ती संध्याकाळपर्यंत दुधाची तीच तीच भांडी घासत बसली. रस्त्याचा निकाल ज्याच्या हातात, त्याच्याशीच वैर! आल्टन म्हणाला, "जरा दमानं घे." काकू म्हणाल्या, "पोटभर जेव, म्हणजे भांडी तरी झिजायची थांबतील."

हॉलिसनं कडी घातली नाही. कडीला पैसे पडतात.

उन्हाळा सरला, पानं लाल होऊन गळून गेली. नोव्हेंबरात पहिलं बर्फ भुरभुरलं, तसं हॉलिसनं बर्फाचा ट्रक चालवणाऱ्या पर्ली ड्रूला बजावलं, "यंदा टेकडी सोडून. प्रयोग आहे." बर्फ थोडं होतं, दुधाची गाडी चाकांना साखळ्या बांधून कशीबशी वर आली. पण ड्रायव्हर जाताना सांगून गेला, "मोठं पडलं तर माझी वाट बघू नका."

डिसेंबरच्या सुरुवातीला ब्यूला शाळेच्या ओसरीवर चढली आणि ओळीनं टांगलेले जेवणाचे डबे तिनं एकेक करून उघडले. पोरांनी बाकांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग भूक लागल्यावर तीच रडायला लागली. मास्तरीणबाईंनी फोन केला तो हॉलिसला नाही, डेल्फीनला.

डेल्फीनला डुकरांची भीती वाटायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आल्टनलासुद्धा. ती बादलीत आंबट दूध आणि मक्याचं पीठ कालवून गेली, बादली ब्यूलाच्या नाकापुढे धरली आणि उलट्या पावलांनी चालायला लागली. अख्ख्या गावाच्या रस्त्यानं पुढे उलटी चालणारी मुकादम आणि मागे डुलत येणारी ब्यूला, अशी मिरवणूक टेकडीवर गेली. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. कुणी हसलं, पण टपालवाल्यानं टोपी काढली.

हॉलिसनं मिस कोल्बीला गाठलं. "ती थट्टेतली मुकादम आहे!"

"तिनं शपथ घेतलीय, हॉलिस. दंड भरा, वैरणीचे पैसे द्या आणि डुक्कर घेऊन जा."

"एक छदाम देणार नाही. दोन दिवसांत कंटाळून आणून सोडेल."

डेल्फीननं आणून सोडलं नाही. ब्यूला तर खुशीत होती. ताजा पेंढा, दोन वेळचं दूध, आणि लोविनाकाकूंच्या गप्पा. ब्यूला गाभण होती. दिवस भरत आले तसा हॉलिसचा धीर सुटला. आभाळ खाली उतरून पांढरं झालं होतं, वारा थांबला होता. असं आभाळ आमच्याकडे सगळ्यांना कळतं. दुपारीच तो ट्रक घेऊन वर निघाला. कोंडवाड्याच्या जरा खाली, न लोटलेल्या जुन्या बर्फात चाकं जागच्या जागी फिरायला लागली, पण ट्रक हलेना. उरलेला चढ तो शिव्या देत चालत आला.

"उघड फाटक," तो धापा टाकत म्हणाला. "बर्फ यायच्या आत तिला खाली नेतो."

"दंड?"

"बाई, वर बघ! वादळ येतंय!"

"मग लवकर भरा."

हॉलिसनं खिसे चाचपले. तो खिशात पैसे ठेवत नसे, ठेवले तर खर्च होतात. "उद्या देतो."

"मग उद्या न्या."

दोघांचं असं चाललेलं असताना ब्यूलानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. ती पेंढ्यावर आडवी झाली आणि कण्हायला लागली.

पुढचे काही तास दंडाची आठवण कुणाला राहिली नाही. काकू शाल गुंडाळून आल्या, कोपऱ्यातल्या खोक्यावर बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. चार पिल्लं सुखरूप आली. पाचवं अडकलं. हॉलिसचे पंजे फावड्याएवढे.

"मला जमत नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मरेल ती."

"डेल्फीनचे हात बघ," काकू म्हणाल्या. "दहा वर्षं धागे जोडलेत तिनं. हो पुढे गं."

डेल्फीननं बाह्या वर सारल्या, डोळे मिटले, मनातल्या मनात मारियामातेचा धावा केला आणि हात घातला. आत सगळं गरम आणि निसरडं होतं. एक बारीकसा पाय तिच्या बोटांत आला, सुटला, पुन्हा आला. पिल्लू बाहेर आलं तेव्हा निपचित होतं. हॉलिसनं ते आपल्या कोटाच्या आत धरून चोळचोळ चोळलं, आणि ते केकाटलं. हॉलिस टटल हसला. त्याला असं हसताना बघून काकूंना म्हणे त्याचं शाळेतलं तोंड आठवलं.

बाहेर तोवर फाटक निम्मं बुजलं होतं. हॉलिसला सॅनबॉर्नांच्या घरी मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबलं, आकाश निळंशार झालं. खाली गावात पर्लीचा ट्रक रस्ते साफ करताना दिसत होता. चर्चचा रस्ता झाला, पुलाचा झाला, गावातल्याच गिरणवाडीचा झाला. टेकडीच्या पायथ्याशी येऊन ट्रक वळला आणि परत गेला. चौघांनी खिडकीतून ते पाहिलं. डेल्फीननं हॉलिसच्या ताटात खिम्याचं सारण भरलेला पाय वाढला. तिच्या माहेरचा पदार्थ. त्यानं तो खाल्ला, आणि ताट पुढे केलं. तिनं पुन्हा वाढला.

"फोन तिथं आहे, हॉलिस," काकू गोडपणे म्हणाल्या.

"घाई नाही," हॉलिस म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

त्याही दिवशी दुधाची गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कॅन भरले होते, आणि गाई काही थांबत नाहीत. आल्टननं एकेक कॅन अंगणात नेला आणि बर्फावर ओतायला लागला. तो काही दाखवण्यासाठी करत नव्हता. बिचाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. थोडं ब्यूलाला गेलं, थोडं मांजरांना, बाकीचं सगळं पांढऱ्यावर पांढरं. वाफ निघत होती. हॉलिस दारात उभा राहून बघत होता. पहिला कॅन गेला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्याला डोळे मिटले. ज्या माणसानं जन्मात सुतळीचा तुकडा फेकला नव्हता, त्याच्यासमोर दुधाचे कॅन ओतले जात होते.

"थांब!" तो ओरडला. "थांब रे बाबा!"

आणि फोनकडे गेला.

टेकडीवरचा फोन सामाईक तारेवरचा. घंटा एका घरी वाजते, कान सगळ्या घरी लागतात. हॉलिसनं पर्लीचं घर मागितलं, आणि तारेवर खट्, खट्, खट् असे रिसीव्हर उचलल्याचे आवाज येत राहिले.

"पर्ली, ट्रक घेऊन टेकडीवर ये."

"टेकडीवर?" पर्ली म्हणाला. "टेकडीवर जायचं नाही असा हुकूम आहे."

"मला माहीत आहे कुणाचा हुकूम आहे!"

"कोण बोलतंय?"

"कोण बोलतंय ते तुला चांगलं कळतंय!"

"थोरल्या पंचांचा सक्त हुकूम आहे हो. प्रयोग चाललाय."

"संपला प्रयोग!" हॉलिस गरजला. तारेवर कुणाला तरी हसू आवरेना आणि ते खोकला म्हणून खपवायचा त्यानं प्रयत्न केला.

दुपारी रस्ता मोकळा झाला. हॉलिसनं आल्टनकडून पैसे उसने घेऊन डेल्फीनला दंड भरला, पावती मागून घेतली, ब्यूलाला आणि पिल्लांना बर्फातून काढलेल्या आपल्या ट्रकमध्ये चढवलं आणि निघून गेला. जेवणाबद्दल आभारसुद्धा मानले नाहीत.

त्यानंतर हिवाळाभर पर्ली टेकडीवर येत राहिला, पण हॉलिस आला नाही. उसने पैसे त्यानं टपालानं पाठवले. दुकानात समोर आला तर मान हलवायचा, बस्स. मार्च जवळ आला आणि सभेची विषयपत्रिका दुकानाच्या दारावर लागली. टेकडीचा रस्ता हिवाळ्यात कायमचा सोडून देण्याचा विषय तिच्यावर होताच. खाली पंचांच्या सह्या. पहिली सही हॉलिस टटलची.

"माणूस तोंडघशी पडला की जास्त कडू होतो," आल्टन म्हणाला.

डेल्फीननं खिडकीतून डोंगरांकडे पाहिलं. तिला आता प्रत्येक शिखराचं नाव माहीत झालं होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

सभेच्या दिवशी आल्टनही आला. रस्त्याचा विषय जेवणानंतर निघाला. गिरणवाडीचा एक जण उठून म्हणाला, की कर वाढतायत, तेल महाग झालंय, एका घराचे लाड गावानं किती पुरवायचे. माना हलल्या. लोविनाकाकू उठायला लागल्या, पण त्यांच्या आधी हॉलिस उभा राहिला. डेल्फीननं आल्टनचा हात धरला.

"डिसेंबरात मी वर होतो," हॉलिस म्हणाला. "का होतो ते तुम्ही सगळ्यांनी तारेवर ऐकलंय."

हशा पिकला. त्यानं तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"मी तेल वाचवत होतो. तिथं दारात उभं राहून मी बर्फावर दूध ओतताना पाहिलं. चांगलं दूध. कॅनमागून कॅन." "याला काटकसर म्हणत नाहीत. नासाडी म्हणतात. हा विषय पत्रिकेवर यायचा हे गेल्या सभेतच ठरलं होतं, आणि मोडायचा तर तो सभेतच मोडावा लागतो, म्हणून सही केली. मी विरुद्ध मत देणार. तुम्हाला काय करायचं ते करा."

तो खाली बसला. इतकं लांब भाषण त्यानं त्याआधी केलं नव्हतं. मत घेतलं तेव्हा रस्ता सोडण्याच्या बाजूनं दोन-चार पुटपुटले. "नाही" मात्र असं आलं की खिडक्यांच्या काचा वाजल्या. डेल्फीनला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही. आल्टन उठून गोठ्यात जाऊ शकत नव्हता, म्हणून तोही रडला.

शेवटी उरले किरकोळ हुद्दे. त्या वर्षी पर्लीच्या मुलाचं लग्न झालं होतं. नवरदेव पहिल्या रांगेत कान लाल करून तयारच बसला होता.

"डुकरांचा मुकादम," सभापतींनी पुकारलं. "नाव सुचवा."

पर्लीचा मुलगा हसत अर्धा उठलासुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"डेल्फीन सॅनबॉर्न."

हॉलिस टटल उभा होता. लोक वळून बघायला लागले. सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं.

"हॉलिस, तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं. ती काही नवी नवरी नाही."

"नवरी कुणी सुचवलीय?" हॉलिस म्हणाला. "मी मुकादम सुचवतोय."

कुणी हसलं नाही. पर्लीचा मुलगा हळूच खाली बसला. जिरेनियमवाल्या आईनं अनुमोदन दिलं. "हो" झाला तो गेल्या वर्षीसारखा गजर नव्हता. शांत, सरळ "हो" होता, शाळेच्या लाकडांना आणि पुलाच्या फळ्यांना देतात तसा. मिस कोल्बी समोरच्या टेबलावरून उठली आणि तिनं डेल्फीनला पुढे येण्याची खूण केली. डेल्फीननं जाऊन उजवा हात वर केला. या खेपेला तिनं आभार मानले नाहीत.

जागेवर परत येताना हॉलिसनं तिला वाटेत अडवलं. टोपी हातात चुरगाळत तो खालच्या आवाजात म्हणाला, "मिसेस सॅनबॉर्न, बादली आणलीय का? ब्यूला सकाळपासून दिसत नाहीये."